बोलणी का फिसकटतात?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका शुक्रवारी आमच्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. विषय होता 'अवघड संवाद कसे करावेत'. बाहेरून आलेल्या बाई खरोखर छान शिकवत होत्या. स्लाइड्स, रोल प्ले, जोड्या लावून सराव, मध्ये समोसे आणि चहा. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय, ती कशी वाढवावी, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कसं ओळखावं, वगैरे. एरवी अशा ट्रेनिंगला मी मागच्या रांगेत बसून मेल बघतो. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेतलं. कारण सोमवारी मला खरोखरच असा एक संवाद करायचा होता.

माझ्या टीममधल्या एका मुलाला त्याचं वार्षिक रेटिंग खाली गेल्याचं सांगायचं होतं. मी त्याला दिलेलं रेटिंग चांगलं होतं. ते वरच्या मीटिंगमध्ये बदललं गेलं. बदललं दुसऱ्यांनी, सांगायचं मात्र मी. आयटीत लीड झालात की हे असं असतं.

सोमवारी त्याला मीटिंग रूममध्ये घेऊन गेलो. शिकवल्याप्रमाणे आधी कौतुक, मग मुद्दा, मग परत कौतुक. आवाज खाली ठेवला. 'तुला कसं वाटत असेल ते मी समजू शकतो' हे वाक्यही योग्य जागी टाकलं. तो शांतपणे ऐकत होता. माझं सगळं बोलून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "हे तू ठरवलंस, की तुला फक्त सांगायला पाठवलंय?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. 'प्रोसेस असते', 'सगळ्यांचं मिळून ठरतं', असलं काहीतरी. तो "बरं" म्हणाला आणि उठून गेला. वीस मिनिटांत कार्यक्रम आटोपला. वहीत लिहिलेली एकूण एक गोष्ट मी केली होती, आणि तरीही बोलणी फिसकटली होती.

'बोलणी फिसकटली' हा शब्द मनात आला आणि मी अडकलो. आपली भाषा मोठी गमतीची आहे. 'बोलणं' एकवचनी असतं तेव्हा साधं असतं, पण 'बोलणी' म्हटलं की दोन बाजू आल्या. बोलणी लग्नाची असतात, नाहीतर संपाची. शिवाय बोलणी 'खावी'ही लागतात! आणि ही बोलणी रंगत नाहीत किंवा जमत नाहीत असं आपण म्हणत नाही, ती 'फिसकटतात'. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इथल्या कामगार-चळवळीच्या बातम्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या येतोय.

मी रोज टेल्को रोडवरून जातो. कंपनीचं नाव २००३ सालीच टाटा मोटर्स झालं, पण रस्ता अजून टेल्कोचाच आहे. रिक्षावाल्याला दुसरं काही सांगितलं तर तो आपल्याकडेच बघत बसतो. या रस्त्यावरच्या कारखान्यात १९८८-८९ साली जे घडलं ते त्रोटक माहीत होतं. त्या सोमवारनंतर दोन-तीन विकांत त्याबद्दल वाचण्यात घालवले. माझ्या वीस मिनिटांशी त्याचा काय संबंध, हे आधी मलाही नीट सांगता आलं नसतं. बघू या.

गाव, कारखाना आणि भोंगा

आधी थोडी पार्श्वभूमी. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि साठच्या दशकात मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने उभे राहू लागले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान-मोठे उद्योग. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून पोरं आली. कुणी आयटीआय झालेली, कुणी तेही नाही. १९८२ साली महानगरपालिका झाली, तेव्हा या गावांचं कारखान्यांचं शहर होऊन गेलं होतं. पाळीवर कधी जायचं आणि कधी यायचं, यावर घरातला स्वयंपाक ठरत होता.

टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा केला तो सुमंत मूळगावकरांनी. झाडं लावण्यापासून प्रशिक्षणापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांचा हात होता. इथे नोकरी लागणं म्हणजे घरादाराला अभिमानाची गोष्ट. १९८८च्या अखेरीस मूळगावकरांनी अध्यक्षपद सोडलं आणि रतन टाटा टेल्कोचे अध्यक्ष झाले. तेव्हा ते पन्नाशीत होते, आणि सगळ्या टाटा समूहाची सूत्रं त्यांच्या हाती यायला अजून दोन-तीन वर्षं होती.

त्यांच्या पुढ्यात पहिलंच काय वाढून ठेवलं होतं, तर राजन नायर.

नायर टेल्कोतलेच कामगार. टेल्को कामगार संघटनेचे पुढारी. त्यांच्यामागे हजारो कामगार होते. १९८८ साली शिस्तभंगाच्या कारणावरून कंपनीने त्यांना बडतर्फ केलं. कामगारांनी त्यांनाच पुढारी मानणं चालू ठेवलं. झालं, इथे गाठ पडली. कंपनीचं म्हणणं, ज्याला आम्ही काढून टाकलंय त्याच्याशी आम्ही टेबलावर बसणार नाही. कामगारांचं म्हणणं, आमच्या वतीने कोण बोलणार हे तुम्ही कोण ठरवणार?

आता जरा थांबून बघा. दोन्ही वाक्यांत पगाराचा आकडा कुठेच नाही. वेतनकराराचा प्रश्न होताच, महागाईही होती. पण आकड्यावर घासाघीस करायला आधी समोरासमोर बसावं लागतं, आणि इथे भांडण बसण्यावरूनच होतं.

मार्च १९८९मध्ये प्रकरण हातघाईवर गेलं. हिंसाचार झाला. अधिकारी आणि नायर यांच्या विरोधातल्या गटाचे कामगार जखमी झाले. एकदा रक्त सांडलं की 'आता कसलं बोलायचं' म्हणणाऱ्यांची दोन्हीकडे चलती होते, तशी ती झाली. सप्टेंबरमध्ये कंपनीने दुसऱ्या संघटनेशी, टेल्को एम्प्लॉइज युनियनशी, वेतनकरार केला. म्हणजे पैशाचा प्रश्न कागदावर सुटला. आणि त्याच महिन्यात नायर आणि सुमारे तीन हजार कामगार शनिवारवाड्यासमोर आमरण उपोषणाला बसले.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. पगारवाढ झालेली असताना तीन हजार माणसं उपाशी बसतात, तेव्हा त्यांची मागणी पगाराच्या पलीकडची असते.

शनिवारवाड्यासमोरचं पटांगण ही पुण्याची सभांची जागा. कारखाना पिंपरीत आणि उपोषण पुण्याच्या मध्यावर. कंपनीच्या आत आवाज पोचत नाही म्हटल्यावर तो शहराला ऐकवायचा, हा हेतू उघड होता. शहराने ऐकलंही. सरकारपुढे मात्र पेच होता. शरद पवार मुख्यमंत्री होते, लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि आसपासचे कारखानदार अस्वस्थ होते. २९ सप्टेंबर १९८९ला पहाटे राज्य राखीव दलाच्या आणि शहराच्या पोलिसांनी पटांगणाला वेढा घातला आणि उपोषणकर्त्यांना गाड्यांत घालून नेलं. आंदोलन मोडलं. कामगार हळूहळू कामावर परतले.

निकाल लागला. कंपनी जिंकली.

जिंकल्यानंतर

खरी गोष्ट मला पुढे सापडली. रतन टाटांनी नंतरच्या काळात या दिवसांबद्दल बोलताना मान्य केलं, की कंपनीने आपल्या कामगारांना गृहीत धरलं होतं. त्यांच्यासाठी जे करायला हवं होतं आणि त्यांच्याशी जसं बोलायला हवं होतं, ते झालं नव्हतं. हिंसेपुढे झुकणार नाही ही भूमिका त्यांनी सोडली नाही. पण 'नायरच्या मागे एवढी माणसं का गेली?' हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या कंपनीला विचारला.

हरलेला माणूस आत्मपरीक्षण करतो, त्याला दुसरं काम नसतं. जिंकलेल्याने करणं अवघड. रतन टाटा ऑक्टोबर २०२४मध्ये गेले, तेव्हा नॅनो, जग्वार, कुत्र्यांवरचं प्रेम, सगळ्यांवर लिहून आलं. माझ्या लेखी 'आम्ही गृहीत धरलं' ही कबुली त्या सगळ्याच्या वर आहे.

यात विरोधाभास असा, की कामगारांशी पद्धतशीर बोलणं हे टाटांच्या घरात नवीन नव्हतं. जमशेदपूरला विसाच्या दशकात मोठे संप झाले होते, आणि पुढे १९५६ साली टिस्को आणि टाटा वर्कर्स युनियन यांच्यात करार होऊन व्यवस्थापन-कामगारांच्या संयुक्त समित्या स्थापन झाल्या होत्या. म्हणजे एका गावात जे घरचं वळण होतं, ते दुसऱ्या गावात आपोआप उतरलं नाही. ऐकण्याची सवय कंपनीच्या नावाबरोबर मिळत नाही. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक मॅनेजरच्या खुर्चीत ती नव्याने लावावी लागते.

मुंबईत हेच

'बोलायचं कुणाशी' या प्रश्नावर घात झाल्याचं टेल्को हे पहिलं उदाहरण नव्हे. सात वर्षं आधी मुंबईत काय झालं ते आठवा. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे. पण १९४६च्या कायद्यानुसार गिरणी कामगारांची मान्यताप्राप्त संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार ज्याला पुढारी मानतात त्याला कायदा मानत नाही, आणि कायदा ज्याला मानतो त्याला कामगार मानत नाहीत. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. गिरणगावाचं पुढे काय झालं ते परळ-लोअर परळच्या टॉवरांकडे मान वर करून बघा.

त्याच्याही मागे जाऊ. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद होत्या. त्या काळात कामगार आणि साहेब यांच्यामध्ये उभा असायचा तो जॉबर. भरती त्याच्या हातात, रजा त्याच्या हातात, दस्तुरीही त्याच्याच खिशात. साहेबाला मराठी येत नव्हतं आणि कामगाराला इंग्रजी. मग तक्रार करायची कुणाकडे? जॉबरकडे. आणि तक्रार जॉबरचीच असली तर?

१९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१ साली अहवाल दिला. त्यात कारखान्यांनी मजूर अधिकारी नेमावेत अशी शिफारस होती. तो माणूस कसा असावा, तर सचोटीचा, उत्साही, माणसं ओळखण्याची देणगी असलेला आणि कामगारांची भाषा येणारा. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. माणसं ओळखण्याची देणगी! आमच्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर हेच होतं की, फक्त इंग्रजी नाव लावून.

१९३४च्या मुंबई कायद्याने गिरणी कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला सरकारी मजूर अधिकारी आला. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी मालक-कामगारांच्या वर्क्स कमिटीची तरतूद आली. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी बंधनकारक केला. आज आपण ज्याला एचआर म्हणतो (आणि ज्याच्यावर जेवणाच्या सुट्टीत विनोद करतो), त्याच्या मुळाशी ही साखळी आहे. कुणीतरी ऐकलं पाहिजे, हे कळायला आपल्याकडे सहा महिन्यांचा संप व्हावा लागला.

ऐकून घेतलं, पुढे काय?

याच सुमारास अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात एक वेगळाच उद्योग चालला होता. १९२८ साली त्यांनी कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. आधी ठराविक प्रश्नावली होती. मग लक्षात आलं, की माणसं प्रश्न सोडून भलतंच बोलतात, आणि ते भलतंच जास्त महत्त्वाचं असतं. मग प्रश्नावली बाजूला ठेवली. मुलाखत घेणाऱ्याला सूचना अशा, की वाद घालू नका, सल्ला देऊ नका, लक्ष देऊन ऐका. माणूस काय सांगतोय ते ऐका, काय सांगायचं टाळतोय तेही ऐका, आणि मदतीशिवाय जे त्याला सांगताच येत नाही तेही. १९३०पर्यंत अशा वीस हजारांवर मुलाखती झाल्या. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे लिहिलं, ते व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात आजही शिकवलं जातं.

एक गोष्ट मात्र ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. मंदी आली आणि हॉथॉर्नमधले बहुसंख्य कामगार घरी बसले. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात नव्हतंच. टीका करणाऱ्यांनी नंतर बरोबर बोट ठेवलं, की नुसतं ऐकणं म्हणजे कुकरची शिट्टी. वाफ निघून जाते आणि गॅस तसाच चालू राहतो.

'भावनिक बुद्धिमत्ता' या शब्दाला आज आपण जो अर्थ देतो तो मांडणारा पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांचा लेख १९९० साली आला, म्हणजे शनिवारवाड्यानंतर लगेचच. १९९५मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि हा शब्द जगभरातल्या ऑफिसांत घुसला. मूळ लेखात मांडणी सोपी होती: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांच्यात फरक करणं आणि त्या माहितीचा उपयोग विचाराला आणि वागण्याला दिशा द्यायला करणं. त्यातला शेवटचा भाग वाटेत कुठेतरी गळला. आपल्याकडे पोचेपर्यंत उरलं ते 'मी समजू शकतो'. समजून पुढे काय करणार, हे राहिलंच.

चाकण

आता आपल्या काळाकडे. १९९९ साली बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला. पुढे फोक्सवॅगन आली, महिंद्रा आली, आणि नाशिक रस्त्यावर आज जो ट्रॅफिक जॅम लागतो तोही आला. २५ जून २०१३ला बजाजच्या चाकण कारखान्यात काम बंद झालं. संघटनेची एक मागणी देशभर गाजली: प्रत्येक कामगाराला एक रुपया भावाने कंपनीचे पाचशे शेअर द्या. तेव्हा बाजारात एका शेअरचा भाव दीड हजाराच्या वर होता. व्यवस्थापनाने मागणी साफ फेटाळली. काही उत्पादन वाळूजला हलवलं गेलं. सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यावर, ही मागणी मान्य न होताच काम सुरू झालं.

तेव्हा इंग्रजी पेपरांतून या मागणीची बरीच थट्टा झाली. आकडा म्हणून ती अव्वाच्या सव्वा होतीच. पण तिच्या पोटात एक प्रश्न होता, तो मला आज ऐकू येतो. कंपनी मोठी झाली त्यात आमचा वाटा किती? या प्रश्नाला 'एक रुपयात शेअर मिळणार नाही' हे उत्तर लागू पडत नाही. तो आकड्याला दिलेला नकार झाला, प्रश्न तिथेच राहिला. आणि गंमत बघा. आम्हा आयटीवाल्यांना ऑफर लेटरमध्ये स्टॉक ऑप्शन लिहून मिळतात तेव्हा कुणालाच हसू येत नाही. चाकणच्या शॉपफ्लोअरवरून तीच गोष्ट मागितली की ती मागणी 'अवास्तव'.

शेवटचं उदाहरण परत टेल्को रोडवरचं. टाटा मोटर्सच्या पुणे कारखान्यातला सप्टेंबर २०१५पासूनचा वेतनकरार दीड वर्ष रेंगाळून मार्च २०१७मध्ये झाला. बोलणी लांबली, आंदोलनं झाली, कटुताही आली. पण १९८९ झालं नाही. कुणाशी बोलायचं हा प्रश्नच नव्हता, वाद होता तो काय द्यायचं याचा. दीड वर्ष हा काळ घर चालवणाऱ्याला लहान नाही, तरीही ती 'बोलणी'च राहिली, पहाटे पोलिसांच्या गाड्या आणाव्या लागल्या नाहीत. टेबल शाबूत असेल तर उशीर परवडतो.

माझी वीस मिनिटं

तर हे सगळं वाचून माझ्या वीस मिनिटांकडे परत आलो. इतका इतिहास कशाला उगाळला, असं कुणी म्हणेल. टीममधल्या एका मुलाचं रेटिंग कुठे आणि तीन हजारांचं उपोषण कुठे! मान्य. तुलना आकाराची नाहीच.

पण त्याचा प्रश्न आठवा: 'हे तू ठरवलंस, की तुला सांगायला पाठवलंय?' शनिवारवाड्यावरचा आणि गिरणगावातला प्रश्न हाच होता. मी जिच्याशी बोलतोय त्या व्यक्तीच्या हातात काही आहे का? नसेल तर ते कुणाच्या हातात आहे, आणि त्याच्यापर्यंत माझं म्हणणं कोण पोचवणार? रेटिंगचा आकडा त्याला मीटिंग रूममध्ये शिरतानाच माझ्या चेहऱ्यावरून कळला होता. त्याला मला जोखायचं होतं. आणि मी काय केलं? जॉबरसारखा मध्ये उभा राहिलो. वरच्यांचं खाली सांगितलं, खालचं वर न्यायचं नाव नाही, आणि वर आवाज मऊ ठेवल्याचं समाधान.

भावनिक बुद्धिमत्ता वाढवायची म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर आता असं आहे. समोरच्याचा खरा प्रश्न ओळखायचा, तो बहुतेक वेळा आकड्याच्या खाली दडलेला असतो. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे बोलण्याच्या सुरुवातीलाच उघड करायचं. आणि हे सगळं गाठ बसायच्या आधी करायचं. निकाल लागल्यावर केलेलं गोड बोलणं म्हणजे सांत्वन. त्याला बोलणी म्हणत नाहीत.

मागच्या बुधवारी मी त्याला खाली टपरीवर चहाला नेलं. कौतुकाचं सँडविच वगैरे काही नाही. सरळ सांगितलं, "मी तुला वरचं रेटिंग दिलं होतं. ते मीटिंगमध्ये खाली आलं. मला विचारलं तेव्हा तुझ्या कामाचे दाखले माझ्याकडे तयार नव्हते, म्हणून मी गप्प बसलो. ती चूक माझी. रेटिंग आता बदलणार नाही, ते माझ्या हातात नाही. पुढच्या सहामाहीची नोंद आपण दोघं दर महिन्याला मिळून लिहू, आणि त्या मीटिंगमध्ये मी ती घेऊन जाईन. एवढं माझ्या हातात आहे."

तो बराच वेळ कटिंगच्या ग्लासकडे बघत होता. मग म्हणाला, "हे सोमवारीच सांगितलं असतंस तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या वेळी मी गुळमुळीत काही बोललोही नाही.

तो खूश झाला वगैरे काही नाही. दुसरीकडे इंटरव्ह्यू देत असेल, तर तो त्याचा हक्कच आहे. निघताना चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत. आमच्या पहिल्या महिन्याच्या नोंदीची तारीख त्याने स्वतःच कॅलेंडरवर टाकली. येत्या सोमवारची.

असो. बाकी सोमवारनंतर.